तुझीच कढई आण

आमच्या घरी शेवयांना दोन नावं आहेत. मी शेवया म्हणते, सूनबाई शाविगे म्हणते, आणि नातू आमच्यापैकी जी जवळ उभी असेल तिच्या भाषेत मागतो. मागच्या रविवारी मात्र त्यानं तिसरंच नाव घेतलं. ‘आज्जी, पान्सित कर की.’ शेजारच्या वहिनी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, सांगायला बसले तर चहा गार होईल, त्यापेक्षा लिहितेच.

पान्सित म्हणजे फिलिपाईन्समधल्या परतलेल्या नूडल्स. तिथे गावोगावचं पान्सित वेगळं. कुठे तांदळाच्या केसासारख्या बारीक शेवया, त्यांना बिहोन म्हणतात. कुठे मुगाच्या काचेसारख्या पारदर्शक, त्या सोतांघोन. सेबू बेटावर दोन जातींच्या नूडल्स एकत्र करतात, त्याला बाम-ई म्हणतात. मी शिकले ते लुकबान गावचं, ‘पान्सित हबहब’. ते केळीच्या पानावर वाढतात. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पान्सितमधलं ‘पान’ आपलंच असणार! तसं काही नाही. हा शब्द चिनी व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतून आला. त्याचा अर्थ झटपट होणारं, सोयीचं खाणं असा सांगतात. हबहब म्हणजे खाण्याची तऱ्हा. ती पुढे येईल.

आमचे हे शेतकी खात्यातले. २००४ साली त्यांना लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालं. ही संस्था १९६० सालची. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ‘आय.आर. ८’ भात आठवत असेल, तो तिथलाच, १९६६ चा. मनिलापासून दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. मी दोन ट्रंका भरल्या. एकीत पापड, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि सासूबाईंनी दिलेली लोखंडी कढई. ‘परमुलखात कुणाच्या भांड्यात काय शिजलेलं असेल कोण जाणे,’ असं म्हणून त्यांनी ती स्वतः कागदात गुंडाळली होती.

शेजारी एक शिक्षिका राहायच्या. पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, ‘मी गुरो.’ गुरो म्हणजे शिक्षक, आपला गुरू. त्या भाषेत आशेला ‘आसा’ म्हणतात आणि चेहऱ्याला ‘मुखा’, हे कळल्यावर मला अर्धा धीर आला. गल्लीतली सगळी पोरं त्यांना ‘आते’ म्हणायची. मला वाटलं, बाईंना भाचरं फार! आपल्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, कन्नडात अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. तिथे आते म्हणजे थोरली बहीण, अक्का. आत्या, सासू आणि अक्का या तिघींचा घोळ घालत मीही आते म्हणू लागले आणि महिन्याभरात अहोजाहोही गळून पडलं.

आते रोज सकाळी कुंपणापाशी विचारायची, ‘कुमाईन का ना?’ जेवलीस का? आपल्याकडे गल्लीत ‘ऊटा आतेन्री?’ म्हणतात ना, अगदी तसं. उत्तराची फारशी अपेक्षा नसते, विचारणं महत्त्वाचं. आपल्या ‘री’सारखं आदराचं शेपूटही त्यांच्यात आहे. मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात ‘पो’ घालायचा. माझ्या मुलानं ते आठवड्यात उचललं आणि बेळगावच्या आज्जीला फोनवर ‘जेवलो पो’ म्हणाला. तिला वाटलं, पोराला सर्दी झाली.

आता मुद्द्यावर येते. हे लिहायला मला वीस वर्षं लागली.

ऑगस्टमध्ये आतेच्या धाकट्याचा सातवा वाढदिवस होता. संध्याकाळी ती झाकलेली बशी घेऊन आली. वर पिवळसर नूडल्स, गाजर, हिरव्या फोडी आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, कलेजी, कोळंबी. आम्ही शाकाहारी. मी हसून बशी घेतली, ‘सलामात’ म्हणाले. ‘आम्ही हे खात नाही’ एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. नवीन देश, नवीन शेजार, पहिल्याच भेटीला नाही कसं म्हणायचं? आत गेले, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या पिशवीत घालून पिशवी कुंपणाला बाहेरून टांगली. बशी घासली. रिकामी कशी परत करायची म्हणून तिच्यात बेसनाचे चार लाडू ठेवले. आतेनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, लाडू मुलानं एकट्यानं संपवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर कुत्र्यानं पिशवी ओढून फाडली होती. दोन घरांमधल्या गवतावर कागद, उरल्यासुरल्या नूडल्स, भाजीच्या फोडी. आते माडाच्या हिरांच्या खराट्यानं ते झाडत होती. असा खराटा आपल्या कोकणातही घरोघरी असतो. तिनं तिच्या बाजूचं झाडलं, मग माझ्या बाजूचं झाडलं. ओणवी होऊन कागदात भरलं. मी पडद्याआड उभी. तिनं वर पाहिलं, मी दिसले असणारच. ‘कुमाईन का ना?’ तिनं विचारलं. रोजच्याच आवाजात. माझ्यानं काही बोलवेना. मी मान हलवली आणि आत गेले.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, जाऊन माफी माग, विषय संपला. पुरुषांना असं वाटतं. चार दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली.

पाचव्या दिवशी आतेनंच हाक मारली. ‘माझ्या स्वयंपाकघरात ये. आणि येताना तुझीच कढई आण.’

तिनं टेबलावर वाट्या मांडून ठेवल्या होत्या. पंधरा-वीस तरी असतील. मांस, कलेजी, कोळंबी, कोंबडीचं पाणी, पातिस नावाचा माशाचा रस, कालवांचा सॉस, लसूण, कांदा, गाजर, कोबी, शेंगा, सोया सॉस, मिरी. म्हणाली, ‘यातलं तुला काय चालतं, ते बोट लावून सांग.’ शाळेत पहिलीच्या पोराला विचारावं तसं विचारलं. मी एकेक वाटी दाखवत गेले, ती न चालणारी उचलून ओट्यावर ठेवत गेली. पातिस उचलताना तिचा हात जरा थांबला. त्यांच्या स्वयंपाकात त्याच्याशिवाय मीठ घातल्यासारखं वाटत नाही. पण उचललं. शेवटी टेबल निम्मं रिकामं झालं. ती कमरेवर हात ठेवून उरलेल्याकडे बघत म्हणाली, ‘ठीक आहे. यात होतं का बघू.’

खरी अडचण पाण्याची होती. हबहबच्या नूडल्स, त्यांना मिकी म्हणतात, साध्या पाण्यात उकडून निथळायच्या नसतात. त्या वाळलेल्याच असतात आणि कढईतल्या रसात थेट घालायच्या. तो रस पिऊन त्या शिजतात, सगळी चव तिथून येते. हाडांचं पाणी नको म्हटल्यावर ती दोन मिनिटं विचारात पडली. मग चिन्याच्या दुकानातून आणलेली वाळकी काळी आळंबी काढली, आपली अणबे, आणि गरम पाण्यात भिजत घातली. त्यांच्याकडे आळंब्यांची एक जात आहे, तिला ‘उंदराचा कान’ म्हणतात. तीही दाखवली, मी कशीबशी हसले. भिजवलेलं तांबूस पाणी, त्यात कांद्याची सालं आणि गाजराचे शेंडे उकळून तिनं रस केला.

कढई माझी, हात तिचा. कढईला ती कवाली म्हणायची. मी म्हटलं, आमच्याकडे कव्वाली गातात. म्हणाली, मग परतताना गा.

परतता परता तिनं सांगितलं, वाढदिवसाला पान्सित नसेल तर वाढदिवस झालाच नाही. नूडल्स लांब, तसं आयुष्य लांब. म्हणून त्या मोडायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. ती हे टोमणा म्हणून सांगत नव्हती, कृतीतली एक पायरी म्हणून सांगत होती. पण माझ्या डोळ्यांसमोर ते वर्तमानपत्र आलं. सात वर्षांच्या पोराच्या आयुष्याची वाटणी मी कचऱ्यात टाकली होती. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी लसूण सोलत राहिले.

पुढच्या वर्षी १५ मे रोजी ती आम्हाला माहेरी, लुकबानला घेऊन गेली. त्या दिवशी तिथे ‘पाहियास’ हा सण असतो. लुकबान केझोन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या उतारावर. सांताक्रूझला जीपनी बदलावी लागते. माझ्या मांडीवर कढई, कारण आतेचा आदेश. जीपनीतली माणसं कढईकडे बघायची, मग माझ्या साडीकडे, मग पुन्हा कढईकडे.

सण सान इसिद्रोचा, शेतकऱ्यांच्या संताचा. त्याची गोष्ट अशी की, हा शेतमजूर प्रार्थनेत रमून जायचा आणि तेवढ्या वेळात देवदूत त्याचा नांगर धरायचे. मी आतेला म्हटलं, आमचा विठोबा जनाबाईबरोबर दळण दळायचा. ती म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडे देव स्वतः येतो? आमच्याकडे माणसं पाठवतो.’

मिरवणुकीच्या वाटेवरचं प्रत्येक घर पिकानं सजवलेलं असतं. भाताच्या लोंब्या, वांगी, भोपळे, शेंगा, अननस, सगळं भिंतीवर. आणि खिडक्यांतून गुलाबी, हिरव्या, पिवळ्या पानांची झुंबरं लटकतात. जवळ जाऊन पाहिलं तर ती पानं तांदळाची. तांदळाचं रंगीत पीठ खऱ्या पानावर पसरून वाफवायचं, पान सोलून काढायचं, वाळवायचं. याला किपिंग म्हणतात. अहो, आपल्या पानावरच्या फेण्याच की! फरक एवढाच, आपण त्या डब्यात ठेवतो, ते आधी दारात टांगतात आणि मग तळून खातात. मिरवणुकीची वाट दरवर्षी बदलते, म्हणजे प्रत्येक गल्लीला पाळीनं मान. आपल्या गल्ल्यांनी हे ऐकावं, एवढंच म्हणते.

रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या कढया. विकणारी बाई केळीच्या पानाचा वीतभर तुकडा हातावर ठेवते, त्यावर चिमट्यानं नूडल्सचा ढीग, वर बाटलीतून व्हिनेगारचे दोन फटकारे. ना चमचा, ना काटा. मी आपल्या सवयीनं पाच बोटं घातली तर आतेची आई ओरडलीच. हातानंही नाही! पान तोंडाशी न्यायचं, दुमडायचं आणि सरळ ओठांनी ओढून खायचं. हेच हबहब. आतेनं माझ्या कढईत माझं वेगळं पान्सित घरी करून आणलं होतं, ते त्यांच्याबरोबर रस्त्यावर उभं राहून खाता यावं म्हणून. व्हिनेगार डोळ्यात गेलं, नूडल्स नाकाला लागल्या, पदराचं काय झालं ते विचारू नका. शेजारच्या बाईच्या पानात डुकराचं मांस, माझ्या पानात कोबी. कुणी कुणाच्या पानात डोकावलं नाही, कारण तोंड पानातून वर काढलं की नूडल्स खाली पडतात.

२००६ ला परत आलो. घरी पहिला प्रयोग मी आपल्या शेवयांवर केला, आणि त्याचं उपीट झालं. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, ‘उपीटच करायचं होतं तर इतकी वर्षं बाहेर कशाला राहिलीस?’ त्यानंतर बऱ्याच फजित्या करून जे जमलं ते सांगते. चौघांना पुरेल.

पाव किलो वाळक्या, गव्हाच्या नूडल्स घ्या, हाक्का म्हणून मिळतात त्या. अंडं चालत नसेल तर पाकिटावर बघून घ्या. बारीक शेवया नकोत, गाळ होतो. दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून, एक मोठा कांदा उभा चिरून. एक गाजर, आठ-दहा फरसबीच्या शेंगा तिरक्या कापून, वाटीभर कोबी. आणि एक मध्यम सीमेबदनेकायी. हो, तीच! लुकबानच्या पान्सितातल्या त्या हिरव्या फोडी सायोतेच्या असतात, आणि सायोते म्हणजे आपली सीमेबदनेकायी, चौचौ. मूळची मेक्सिकोची. पूर्वी स्पॅनिश गलबतं मेक्सिकोहून मनिलाला जायची, तिच्या नावातच तो प्रवास आहे. गणपत गल्लीत ती दिसली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. सोलताना हाताला चीक लागतो, पाण्याखाली सोला. फोडी काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड ठेवा.

रसासाठी वाळकी आळंबी मिळाली तर चार-पाच, चार कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. नाही मिळाली तर कांद्याची स्वच्छ सालं, कोबीचा दांडा, गाजराचे शेंडे आणि दहा मिरी वीस मिनिटं उकळून गाळा. कढईत तीन चमचे तेल, लसूण बदामी, मग कांदा, मग भाज्या मोठ्या आचेवर तीनच मिनिटं. भाज्या अर्धकच्च्या असतानाच काढून ठेवा. हे चुकवू नका, नाहीतर नूडल्स होईपर्यंत कोबीची भाजी होते. त्याच कढईत तीन कप रस आणि तीन मोठे चमचे सोया सॉस. उकळी आली की नूडल्स न मोडता घाला. आधी काही वेळ कढईबाहेर पाय काढून बसतात. मऊ पडल्या की दोन उलथन्यांनी खालीवर करा. पाच-सहा मिनिटांत रस पितात. आत कडक लागल्या तर उरलेला रस थोडा थोडा घाला, एकदम ओतू नका. मग भाज्या परत घाला, मिरपूड घाला, मीठ चाखूनच, सोया सॉस खारट असतो. पाणी पूर्ण आटवायचं. हातातल्या पानावर खायचा पदार्थ आहे, ओला राहिला तर कोपरापर्यंत ओघळ येतो.

उरलं व्हिनेगार. बाजारातलं पांढरं घातलं तर नुसतं झोंबतं. लुकबानचा मुलूख माडांचा, तिकडे माडीचं व्हिनेगार असतं. तसंच आपल्याला गोव्यात मिळतं, माडाचा शिर्को. गोव्याला जाणाऱ्याला एक बाटली आणायला सांगा. तिच्यात चार ठेचलेल्या मिरच्या आणि लसूण टाका, बुचाला दाभणानं तीन-चार भोकं पाडा आणि दोन दिवस राहू द्या. ते कढईत घालायचं नाही, प्रत्येकानं आपापल्या पानावर.

सासूबाई शेवटपर्यंत ताटात घेऊन चमच्यानंच खायच्या. ‘वासरासारखं तोंड घालून मी खाणार नाही,’ म्हणायच्या, पण व्हिनेगार मागून घ्यायच्या. सूनबाई हुबळीकडची, पानावर जेवणात वाढलेली. तरी पहिल्या दिवशी ‘अत्ती, हाताशिवाय कसं?’ म्हणून पान घेऊन न्हाणीघरापाशी गेली, कुणी बघू नये म्हणून. नातवाला काहीच शिकवावं लागलं नाही.

ज्याच्या वाढदिवसाचं ते पान्सित होतं तो मुलगा आता बोटीवर नोकरीला असतो. तो घरी असो नसो, त्या दिवशी आते पान्सित करतेच. गेल्या ऑगस्टमध्ये तिनं फोन लावला तेव्हा तिच्या मागे कढई चढलेली दिसत होती. कुणास ठाऊक कसं, त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, आते, २००४ सालची ती बशी, मी ती खाल्ली नव्हती.

ती खो खो हसली. ‘मला माहीत आहे. मीच नाही का झाडलं? कुत्र्यानं सगळं खाल्लं होतं गं, फक्त सायोते ठेवलं होतं.’ मग उलथनं कढईवर आपटत म्हणाली, ‘तिकडे सायोते मिळतं का पण?’

मी फोन वळवून रोवळीतली सीमेबदनेकायी दाखवली. म्हणाली, जून दिसते आहे, कोवळी बघून घे.